दोन माणसांचा तंबू

खरं सांगा, तुम्ही शेवटचं एकटे कधी झोपला होतात? एकटे म्हणजे अगदी एकटे. खोलीत दुसरं कुणी घोरत नाही, कुणी मोबाइलवर रील्स बघत नाही, कुणी पंखा दोनवर करायला उठत नाही. मी हा हिशोब एकदा लोकलमध्ये उभ्या उभ्या मांडला, तर उत्तर आलं शून्य. वय वर्षं अठ्ठावीस, नोकरी अंधेरीत, पगार बऱ्यापैकी, आणि एकटं झोपण्याचा अनुभव निल!

आमचं घर वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत. वन बीएचके, तळमजला. बेडरूममध्ये आजी आणि तिच्या सोबतीला आई. हॉलमध्ये दिवाणवर मी, खाली गाद्या घालून बाबा आणि दादा. सकाळी शेअर रिक्षा करून स्टेशन गाठायचं आणि विरारहून भरून आलेल्या गाडीत स्वतःला कोंबायचं. ऑफिसात ओपन प्लॅन. म्हणजे दिवसातले चोवीस तास माझ्यापासून दोन फुटांवर कुणी ना कुणी असतंच. तक्रार नाही हं. माणसं चांगली आहेत सगळी. पण दोन फूट म्हणजे दोनच फूट.

त्यात 2018 चा जुलै. त्या पावसात वसईची काय दशा झाली ते वसईकरांना सांगायला नको. आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं. दिवाण पाण्यात, वीज गेलेली, आणि आम्ही पाचजण तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. त्यांच्या हॉलमध्ये अकरा माणसं ओळीने झोपली होती, चार रात्री. त्यांनी कुठे काही कमी केलं नाही. पण तिसऱ्या रात्री कुणाचा तरी पाय माझ्या उशीवर होता आणि मी अंधारात डोळे उघडे ठेवून ठरवलं, की एक दिवस आपण कुठेतरी अशा जागी झोपायचं जिला दार असेल आणि ते दार आपण आतून लावलेलं असेल.

आता वसई-विरार पट्ट्यात वेगळी खोली घ्यायची तर कर्ज. तंबू घ्यायचा तर साडेसहा हजार.

हसू नका, हे लॉजिक मला तेव्हा एकदम सॉलिड वाटलं होतं. ऑफिसच्या ग्रुपबरोबर दोन-तीन ट्रेक झाले होते. एकदा गुहेत मुक्काम झाला होता, पण तिथे वीस जण आणि त्यातले सात घोरणारे. गुहा म्हणजे आमचा हॉलच, फक्त दगडी. मला पाहिजे होता तंबू. एका माणसाचा. चेन ओढली की आत फक्त मी.

घरी हा विषय काढला तेव्हा आईने अपेक्षेप्रमाणे साप, विंचू आणि ‘लोक काय म्हणतील’ हे तिन्ही एका दमात काढले. बाबा काहीच बोलले नाहीत. रात्री दिवे बंद झाल्यावर खालच्या गादीवरून आवाज आला, ‘‘एकट्याचा घेतलास तर मी कुठे झोपू?’’

मी दिवाणवर उठूनच बसले. मला वाटलं होतं बाबांचा विषय कधीच संपला.

बाबा लालबागच्या चाळीतले. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आजोबांची गिरणी थांबली. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, त्यातलं एक दिवसभर घरात बसून भिंतीकडे बघणारं. बाबा तेव्हा वीस वर्षांचे. शनिवार आला की चाळीतली चार पोरं कर्जतची गाडी पकडायची आणि कोंढाण्याच्या लेण्यांवरून राजमाचीला चढायची. सामान म्हणजे एक चादर, तागाचं एक गोणपाट आणि पोळ्यांचं फडकं. झोपायचं भैरवनाथाच्या देवळात, नाहीतर सरळ उघड्यावर. ‘‘भिंत नाही, छप्पर नाही, कुणाचा चेहरा नाही,’’ बाबा सांगत होते. ‘‘आभाळाखाली पडलं की छातीवरचं काहीतरी उतरायचं बघ.’’

म्हणजे बघा गंमत. बाबांना बाहेर झोपायचं होतं ते भिंती नकोत म्हणून, आणि मला भिंती हव्यात म्हणून. आणि एकच तंबू घ्यायचा होता.

मग सुरू झाला आमचा रिसर्च. सगळ्यात आधी बाबांनी विचारलं, तंबू हवाच कशाला? ताडपत्री आहे की! एव्हरशाईनमध्ये जूनच्या आधी प्रत्येक हार्डवेअरवाल्याकडे निळ्या ताडपत्रीचे गठ्ठे येतात. दोरी बांधायची, तिरकी ताणायची, झालं छप्पर. खरं सांगायचं तर कल्पना वाईट नाही. हलकी, स्वस्त, आणि हवा खेळती. भातलावणीच्या बायका पाठीवर बांबूचं आणि पानांचं इरलं घेऊन दिवसभर पावसात ओणव्या असतात, तेसुद्धा अंगावर घातलेलं छप्परच. पण ताडपत्रीला खालची बाजू नसते. आणि आपल्याकडे रात्री भीती वरून येत नाही, जमिनीवरून येते. मण्यार नावाचा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक की पुष्कळदा माणसाला जागसुद्धा येत नाही. विंचवाचं तर विचारूच नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या विंचूदंशावर आयुष्यभर काम केलं आणि प्राझोसिन हे औषध वापरून किती तरी जीव वाचवले, हे आईनेच आम्हाला ऐकवलं. तिचा मुद्दा होता की जाऊच नका. मी त्यातून घेतलेला मुद्दा असा, की तळ आणि जाळी एकमेकांना शिवलेले हवेत आणि चेन पूर्ण बंद व्हायला हवी. पावसाच्या आधी हे बघायचं.

मग हॅमॉक. म्हणजे आपला झोळा. फोटोत काय कूल दिसतो! पण त्याला चार-पाच मीटर अंतरावरची दोन दणकट झाडं लागतात, आणि आपल्या किल्ल्यांच्या माच्यांवर पुष्कळदा गवताशिवाय काही नसतं. शिवाय बाबांची कंबर. झोळ्यात शिरणं एक वेळ जमेल, पण रात्री अडीचला बाहेर पडणं? झोळा बाद.

हे ‘रात्री अडीच’ प्रकरण महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं स्पष्टच लिहिते. बाबांना प्रोस्टेटमुळे रात्री दोनदा तरी उठावं लागतं. दुकानातल्या बहुतेक स्वस्त तंबूंना एकच दार, तेही डोक्याच्या किंवा पायाच्या बाजूला. म्हणजे दोघांनाही त्याच भोकातून रांगत बाहेर पडायचं. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात आम्ही रविवारी गेलो तेव्हा तिथे उभारून ठेवलेल्या तंबूत बाबा चक्क आडवे झाले आणि मला म्हणाले, ‘‘आता तू झोप, मी उठून जातो, बघू तुला लागतं का.’’ लागलं. कोपर सरळ बरगडीत. आजूबाजूची पोरंपोरी बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तंबू घ्यायचा असेल तर आधी आत आडवं होऊन बघा, ही टीप मी आता सगळ्यांना देते. डब्यावर ‘दोन माणसांचा’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दोन सतरंज्या एकमेकींना चिकटून मावतात, इतकाच. रुंदी बघा, एकशे वीस ते एकशे तीस सेंटिमीटर. सॅक कुठे ठेवणार? वर उंची जेमतेम एक मीटर, म्हणजे बसूनच काय ते कपडे बदला.

आणि मग तो सापडला. दोन्ही लांब बाजूंना एकेक दार. बाबांच्या बाजूचं बाबांचं, माझ्या बाजूचं माझं. वजन जास्त, किंमतही ठरवल्यापेक्षा सतराशे रुपयांनी जास्त. मी लगेच कार्ड काढलं. माझ्या बाजूला माझं दार, यार!

दुकानातल्या मुलाने ‘दोन हजार एमएम वॉटरप्रूफ’ असं अभिमानाने सांगितलं. मला वाटलं दोन हजार मिलिमीटर पाऊस झेलतो. तसं नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला, तर किती उंचीपर्यंत पाणी आरपार जात नाही, त्याचा तो आकडा. वरच्या कापडाला दोन हजार ठीक. पण तळावर आपलं वजन पडतं, गुडघा टेकला की ओल्या जमिनीतलं पाणी वर दाबलं जातं, म्हणून तळाचा आकडा जास्त हवा. आणि शिवणींना आतून पट्टी चिकटवलेली हवी. पाणी कापडातून येत नाही हो, टाक्यांतून येतं.

पहिली टेस्ट आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी वर येऊन तंबूला एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, ‘‘हे तात्पुरतं आहे ना?’’ गच्चीवर पत्र्याची शेड टाकण्यावरून आधीच दोन पार्ट्या पडलेल्या, त्यामुळे त्यांची काळजी समजू शकते. सिमेंटमध्ये खुंट्या ठोकता येईनात. दादाने शेवटी पाण्याच्या कॅनना दोऱ्या बांधल्या. पुढे ही युक्ती फार उपयोगी पडली, कारण सह्याद्रीत वीतभर मातीखाली काळा कातळ असतो. खुंटी अर्धी जाते आणि वाकते. मोठे धोंडे शोधून त्यांना दोऱ्या बांधायच्या, हेच खरं. आणि म्हणूनच खुंट्यांशिवाय स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू आपल्याकडे बरा.

दादाने चार बादल्या पाणी ओतलं. आत थेंब नाही. रात्री मी एकटी आत झोपायचं ठरवलं तर आजी म्हणाली, गच्चीवर एकटी पोरगी नको. मग आई बाहेर चटईवर! पहाटे बघते तर बाहेरच्या कापडाच्या आतून थेंब लोंबतायत. फसवलं आपल्याला, मला वाटलं. बाबांनी बोट फिरवून बघितलं. ‘‘हा पाऊस नाही, हा तुझा श्वास आहे.’’ खरंच की. रात्री पाऊस पडलाच नव्हता. दमट हवेत आपल्या उच्छ्वासातली वाफ थंड कापडावर जमते. म्हणून आतला जाळीचा आणि बाहेरचा पावसाचा, असे दोन थर हवेत आणि मध्ये वारा खेळायला हवा. थेंब बाहेरच्या थराच्या आतल्या बाजूने ओघळून जमिनीवर जातात, आपल्यावर नाही. एका थराचा तंबू स्वस्त आणि हलका मिळतो, पण कोकणाच्या दमटपणात सकाळी अंघोळ फुकट.

आता जायचं कुठे? खिडकीतून तुंगारेश्वरचा डोंगर दिसतो. हायवे ओलांडला की पायथा. पण ते 2003 पासून अभयारण्य आहे. तिथे बिबळ्या आहे, आणि मनाला येईल तिथे तंबू ठोकून रात्र काढता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. आपल्याच घरासमोरच्या डोंगरात झोपायला परवानगी, म्हणून मी जरा कुरकुरले. बाबा म्हणाले, बिबळ्याच्या घरी जायचं तर विचारून जावं. पटलं.

बाबांचं उत्तर ठरलेलं होतंच. राजमाची. गोनीदांच्या ‘माचीवरला बुधा’मधली माची. बाबांकडे त्या कादंबरीची जुनी प्रत होती, 2018 च्या पाण्यात ती गेली. कोंढाण्यावरूनची चढण आता गुडघ्याला झेपणार नाही, म्हणून लोणावळ्याच्या बाजूने. पंधरा-सोळा किलोमीटरचा कच्चा रस्ता, त्यातला बराचसा जीपने आणि शेवटचा पायी. खाली उधेवाडी, वर एका बाजूला श्रीवर्धन, दुसऱ्या बाजूला मनरंजन आणि मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. बाबा देवळाच्या पायरीवर बराच वेळ बसले. मी काही विचारलं नाही.

ऑक्टोबर 2024 मधला शनिवार होता. गडावर नाही, गावातच, एका मावशींच्या घराच्या वरच्या अंगाला विचारून तंबू लावला. जागा बाबांनी निवडली. मला सपाट हिरवळ आवडली होती, त्यांनी पायाने गवत बाजूला करून दाखवलं, पाण्याची घळ होती. ‘‘ही जागा पाण्याची आहे. पाणी आपली जागा सोडत नाही. आपण राहतो तिथे माहीत आहे ना?’’ एव्हरशाईनच्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. थोडं उंचावर, वठलेल्या झाडापासून लांब, वाऱ्याकडे पाठ करून तंबू उभा राहिला. मावशींकडे पिठलं-भाकरी. नऊ वाजता मी माझ्या दारातून आत शिरले, बाबा त्यांच्या.

आभाळ स्वच्छ होतं, म्हणून बाबांनी वरचं कापड अर्ध गुंडाळून ठेवलं. जाळीतून चांदण्या दिसत होत्या. ‘‘हे बरं आहे,’’ ते म्हणाले. भिंत आहे पण नाही, असं काहीतरी. मी म्हटलं, बाबा, दुसरी बाजू लावून घेऊ का? ते म्हणाले, तुझी तू लाव.

साडेदहाला ढाकच्या दिशेला वीज चमकली. मी मोजायला लागले. वीज आणि गडगडाट यांत तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. आधी चोवीस. मग पंधरा. परतीचा पाऊस असाच येतो, बोलता बोलता. बाबांनी कापड ओढून घेतलं, थेंब पडायला लागले, आणि आत एक थेंबही आला नाही. मला काय अभिमान वाटला सांगू! सतराशे रुपये वसूल. तेवढ्यात बाबा चपला घालायला लागले.

‘‘चल.’’

‘‘कुठे? गळत नाहीये बाबा!’’

‘‘गळण्याचा प्रश्न नाही. विजेला कापड काय करणार?’’

मला हे माहीत होतं. वाचलं होतं. तंबू पाऊस, वारा, विंचू सगळं अडवतो, वीज अडवत नाही. उघड्या माळावर उंचवट्यावरचा तंबू तर नाहीच नाही, आणि गुहेचं तोंडसुद्धा सुरक्षित नसतं. पण त्या क्षणी मला रडायला येत होतं. अठ्ठावीस वर्षांनी मिळालेलं दार, तेही दीड तासासाठी.

मावशींनी दार उघडलं तेव्हा आम्ही दोघं चिंब. पडवीत थांबलो तर म्हणाल्या, ‘‘तिथं नको, आत या.’’ आतल्या खोलीत त्यांचं कुटुंब, पुण्याहून आलेली चार पोरं आणि आम्ही दोघं. मी मोजलं. अकरा. तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलइतकीच. कुणीतरी चादर दिली. बाबा भिंतीला टेकून बसले, पोरांना संपाच्या वर्षातल्या राजमाचीच्या गोष्टी सांगायला लागले आणि मी कधी झोपले कळलंच नाही.

जाग आली ती बाबा उठले म्हणून. अडीच. पाऊस थांबला होता, आभाळ पूर्वेकडे मोकळं झालं होतं, गडगडाट थांबून तास झाला असावा. मीही बाहेर आले. तंबू उभा होता, एक दोरी धोंड्यावरून निसटलेली. टॉर्च लावून आत बघितलं, कोरडा ठणठणीत.

‘‘तू जा,’’ बाबा म्हणाले. ‘‘मी पडवीत पडतो. मला इथून आभाळ दिसतंय.’’

‘‘एकटी?’’

‘‘मग कशाला घेतलास तो?’’

मी चपला बाहेर काढल्या, झटकून आत ठेवल्या, आणि माझ्या बाजूने शिरले. बाबांची सतरंजी रिकामी होती, तिच्यावर सॅक ठेवली. टॉर्च विझवला. बेडूक, पागोळ्यांचं पाणी, आणि खाली पडवीतून बाबांचं खोकणं, आमच्या हॉलमध्ये येतं तसंच.

‘‘चेन लावलीस का?’’ तिकडून आवाज आला.

‘‘लावली.’’

‘‘खालपर्यंत?’’

मी हाताने चाचपून बघितलं. कोपऱ्यात दोन बोटं उघडी राहिली होती.